कचऱ्याची खानेसुमारी

सार्वजनिक स्वच्छतेचा इतिहास आपल्याकडे श्रमदानाच्या अंगाने लिहिला जातो. गाडगेबाबांचा (१८७६–१९५६) खराटा त्याच्या केंद्रस्थानी आहे आणि ते रास्तच आहे. पण किनारे आणि नदीकाठ साफ करणाऱ्या स्वयंसेवी मोहिमांचा मागोवा घेताना मला खराट्याइतकेच महत्त्वाचे आणखी एक साधन दिसते, ते म्हणजे पेन्सिल.

सप्टेंबर १९८६मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा यांनी पहिली मोठी मोहीम आखली. सुमारे २,८०० लोक आले आणि १२४ टन कचरा निघाला. लोकांनी नुसता कचरा उचलायचा नव्हता. सापडलेली प्रत्येक वस्तू ठरावीक नमुन्याच्या पत्रकावर नोंदवायची होती. यातूनच पुढे जगभरची वार्षिक किनारा-स्वच्छता मोहीम उभी राहिली.

पत्रकाने प्रश्न बदलला. कचरा किती, याबरोबर तो कुणाचा, हेही विचारता आले. टेक्सासच्या वाळूत सहलीला आलेल्यांच्या कचऱ्याबरोबर जहाजांवरून टाकलेला मालही होता. जहाजांनी समुद्रात प्लास्टिक टाकण्यावर बंदी घालणारे ‘मारपोल’ कराराचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ रोजी अमलात आले. ते या पत्रकांमुळेच आले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण बंदीची बाजू मांडणाऱ्यांच्या हाती मोजलेला पुरावा होता.

आता मुंबईकडे पाहू. ऑक्टोबर २०१५मध्ये वकील अफरोज शाह यांनी ८४ वर्षांच्या एका शेजाऱ्यासह वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला. हळूहळू माणसे जोडली गेली. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांचा गौरव केला, आणि मार्च २०१८मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. या कामाचे मोल वादातीत आहे. मात्र ही हकिकत आपण बहुधा टनांत सांगतो, आणि माझा आक्षेप आहे तो या सांगण्याला.

ओल्या वाळूने भरलेली गोणी जड भरते, तर शंभर पिशव्यांचे वजन नगण्य असते. म्हणून वजनावरून कष्ट कळतात, कचऱ्याचे मूळ कळत नाही. मार्च २०१८मध्येच महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. तिचा किनाऱ्यावर काय परिणाम झाला, हे ठरवायचे तर त्याच पट्ट्यातली बंदीआधीची आणि नंतरची नगवार मोजणी शेजारी ठेवावी लागते. मुंबईत तर नाले आणि मिठीसारखी नदी कचरा समुद्रात नेतात आणि भरती तो परत आणून टाकते. तेव्हा कुठल्या मुखाशी काय सापडले, याला फार महत्त्व आहे.

त्यामुळे मोहीम आखणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच : दहा हातांमागे एक लिहिणारा ठेवा. जागा, भरतीची वेळ, वस्तूचा प्रकार आणि नग लिहा; दरवर्षी तोच पट्टा निवडा. किनारा पुन्हा घाण होईल, पण नगरपालिकेपुढे किंवा कारखानदारापुढे उभे राहताना ही वही हातात असेल.