आवळलेल्या दोरीचा इतिहास

साप चावला की पहिली हाक पडते ती दोरीसाठी. सुतळी असो, बैलाचा कासरा असो, साडीची किनार असो की ओढणी. दंशाच्या वर ती करकचून आवळली गेली की घरच्यांच्या जिवात जीव येतो. फलटण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर, मुलाणी-बागवानांच्या घरी असो की मराठा-धनगरांच्या, ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण आहे. म्हणूनच ही दोरी आपल्या हातात कोठून आली आणि आज तिचे काय करायचे, हे एकदा नीट तपासून पाहिले पाहिजे.

फलटणचा मुलूख मुळात पर्जन्यछायेतला. पाऊस बेताचा आणि रान माळाचे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, त्यामागून ऊस आला, साखरवाडीला कारखाना उभा राहिला आणि कालव्याखालच्या गावांचे रूप पालटले. उसाबरोबर उंदीर आले आणि उंदरांमागे साप. थंडीत बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बायकामुलांसह ती माणसे पाचटाच्या कोप्यांत भुईवर निजतात. आषाढी वारीत ज्ञानदेवांची पालखी लोणंद-तरडगाव करीत फलटणला मुक्कामाला येते, तेव्हाही हजारो माणसे राहुट्यांत जमिनीवरच पाठ टेकतात आणि दिवस असतात पावसाळ्याचे. साप कुणाची जात किंवा धर्म विचारीत नाही. मात्र तो गाठतो बहुधा गरिबाला, अनवाणी पायाला आणि भुईवर निजलेल्याला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

आता दोरीकडे वळू. दोरी बांधणे हा अडाण्यांचा उपाय आहे असे शिकलेली माणसे सहज म्हणून जातात. इतिहास तसे सांगत नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात दंशाच्या चार बोटे वर बंध बांधावा, जखम कापावी, विष चोखून काढावे, जागा डागावी असे सांगितले आहे. ग्रीक वैद्यांचे उपायही याच जातीचे होते. तेच पुढे अरबी ग्रंथांत आले. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांच्या ‘अल-कानून’ या महाग्रंथाच्या चौथ्या खंडात विष आणि विषारी दंश यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथून हे ज्ञान आपल्या युनानी हकिमांपर्यंत पोहोचले. संस्कृत वैद्य, ग्रीक तबीब आणि अरबी हकीम यांच्यात शेकडो कोसांचे आणि शतकांचे अंतर होते, तरी दोरीबाबत त्यांचे एकमत होते. विष खालून वर चढते, तेव्हा वाट अडवा, हा विचार कुणालाही पटेल असाच होता.

इंग्रज डॉक्टर आले म्हणून दोरी सुटली नाही. उलट तिच्यावर नव्या विज्ञानाचा शिक्का बसला. कलकत्त्यात विषारी सापांचा अभ्यास करणारे जोसेफ फेअरर यांचा भारतीय सापांवरचा मोठा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. नागाच्या विषावर त्या काळी उतारा म्हणून सांगितली जाणारी औषधे त्यांनी पारखून पाहिली आणि ती निरुपयोगी ठरवली. तरीही तातडीने काय करावे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर बांधा, कापा, डागा हेच राहिले. १९०४ साली लॉडर ब्रंटन, फेअरर आणि लेनर्ड रॉजर्स यांनी पोटॅशियम परमँगनेटचा उपाय पुढे केला. ब्रंटन यांनी त्यासाठी लहानसे पाते तयार केले होते. त्याच्या लाकडी मुठीत परमँगनेटचे खडे असत. दोरी आवळायची, दंश चिरायचा आणि खडे चोळायचे. पुढे प्रथमोपचाराच्या पुस्तकांतून आणि स्काउटच्या वर्गांतून बांधा-कापा हा धडा मुलांनी पाठ केला. आज आजोबा दोरी मागतात तेव्हा ते मांत्रिकाचे नव्हे, कदाचित आपल्या मास्तरांचे ऐकत असतात.

खरा बदल याआधीच एका प्रयोगशाळेत सुरू झाला होता. व्हिएतनाममधल्या सायगावला काम करताना आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरांना नागाच्या विषावर उतारा शोधण्याची निकड जाणवली. १८९४-९५ च्या सुमारास त्यांनी प्रतिविष तयार केले. पुढे घोड्याला विष अगदी थोड्या मात्रेत वाढवत टोचायचे आणि त्याच्या रक्तात तयार होणारा उतारा माणसासाठी वापरायचा, ही रीत रुळली. आपल्याकडे कसौलीला आणि परळच्या हाफकिन संस्थेत हे काम झाले. आज नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. विषावरचा खरा उपाय तो हाच.

मग दोरीने बिघडते काय? घोणस आणि फुरसे यांचे विष दंशाच्या आसपासचे मांस सडवते आणि रक्ताची गोठण्याची शक्ती घालवते. घट्ट दोरीने ते विष एका जागी कोंडते, रक्तपुरवठा तुटतो आणि हात किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते. दोरी एकाएकी सोडली तर अडलेले विष एकदम अंगात पसरते. चिरा दिला तर न गोठणारे रक्त वाहतच राहते. नाग आणि मण्यार यांच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तिथे दोरी खोटा धीर देते आणि मोलाचा वेळ खाते.

तरीही दोरीचे नाव राहिले, कारण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असा माणूस काहीही न करता बरा झाला असता. श्रेय मात्र मिळते दोरीला, देवऋष्याला नाहीतर दम केलेल्या पाण्याला. दुआ जरूर करावी. ती दवाखान्याच्या वाटेवर गाडीत बसूनही करता येते.

भारत सरकारच्या २००९ च्या उपचारपद्धतीने बांधणे, कापणे, चोखणे हे सारे स्पष्टपणे नाकारले आहे. करायचे ते थोडके आहे. माणसाला धीर द्यावा, चालू किंवा पळू देऊ नये. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढावे, कारण सूज चढते. मोडलेल्या हाडाला देतो तसा काठीचा आधार देऊन तो हात किंवा पाय स्थिर ठेवावा, पण पट्टी सैल असावी. वेळ लक्षात ठेवावी. सापामागे धावू नये. १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गाडी लांब असेल तर मोटारसायकलवर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. कुणी आधीच घट्ट दोरी बांधली असेल तर ती वाटेत सोडू नये, डॉक्टरांसमोरच सोडवावी. रात्री पोटात दुखून जाग आली, पापण्या जड झाल्या आणि दंशाची खूण दिसत नसली तरी मण्यारीचा संशय धरावा. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. कोपीत निजणाऱ्यांसाठी बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा सर्वांत स्वस्त बचाव आहे.

दवाखान्यात डॉक्टर काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते गोठते का पाहतात. विषाची लक्षणे दिसली की प्रतिविष देतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने विष सोडताना वय पाहिलेले नसते. हे आईबापांनी ऐकून ठेवावे, म्हणजे इतक्या बाटल्या कशाला, म्हणून घाबरून ते हुज्जत घालणार नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. भारत सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्यात ठरले आहे. हा आराखडा साखरवाडीच्या उसात किंवा तरडगावच्या तळावर पोहोचेल तो शेवटी तिथे पहिल्यांदा धावून आलेल्या माणसाच्या हातातूनच. सुश्रुत, इब्न सीना, फेअरर यांनी आपल्या काळात जे उत्तम ते सांगितले आणि आपण त्यांचा आदर करतो. फेअररांनी स्वतःच्या काळातली औषधे पारखून टाकून दिली होती. त्यांचा तेवढा गुण आपण घेतला, तर दोरी खुंटीवर राहील आणि माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचेल.