पुनर्रचनाक्षम संगणन : चिपचे शिक्षण आणि मराठवाडा

चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) : ऊस आणि कापसाच्या या पट्ट्यात विहिरीवरील पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर आता नवलाईचा राहिलेला नाही. त्याच्या पेटीत छोटा मायक्रोकंट्रोलर असतो. ठरावीक कामासाठी उपकरणातच बसविलेल्या अशा संगणकाला ‘एम्बेडेड सिस्टीम’ म्हणतात.

त्यापुढील पायरी म्हणजे ‘रिकॉन्फिगरेबल कॉम्प्युटिंग’, अर्थात पुनर्रचनाक्षम संगणन. सामान्य प्रोसेसरचे सर्किट कारखान्यातच कायमचे ठरते; बदलतो तो केवळ प्रोग्रॅम. ‘एफपीजीए’ या चिपमध्ये मात्र सर्किटची जोडणीच पुन्हा पुन्हा बदलता येते. जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. झायलिंक्सने १९८५ मध्ये ६४ लॉजिक ब्लॉकची एफपीजीए बाजारात आणली. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील ‘जीएमआरटी’च्या ३० अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांवरील प्रक्रियेतही अशा चिप वापरल्या जातात.

पदव्युत्तर वर्गात हा विषय शिकविताना पहिली अडचण विचारपद्धतीची असते. व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या भाषा प्रोग्रॅमसारख्या दिसतात. पण त्यांतून वर्णन होते ते सर्किटचे, आणि त्याचे सर्व भाग एकाच वेळी काम करतात. ‘सी’ भाषेत एकामागून एक सूचना लिहिण्याची सवय झालेला विद्यार्थी येथेच अडखळतो. कामाचा कोणता भाग प्रोसेसरवर सोपवावा आणि कोणता सर्किटमध्ये उतरवावा, हा निर्णय घेता येणे हेच या शिक्षणाचे सार होय.

राज्यात या शिक्षणाच्या सोयी आहेत. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’चे एम्बेडेड सिस्टीम आणि व्हीएलएसआय या विषयांतील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहेत, प्रवेश ‘सी-कॅट’ परीक्षेद्वारे होतो. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे विद्यापीठाच्या आवारात ‘नाइलिट’चे केंद्र आहे. मुंबई आयआयटीच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने सर्किट आरेखनासाठी ‘ई-सिम’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध केले आहे.

त्यामुळे व्हेरिलॉगचा सराव गावातील साध्या संगणकावरही करता येतो. मात्र संगणकावरील चाचणीत अचूक ठरलेले सर्किट प्रत्यक्ष बोर्डवर चुकू शकते. क्लॉकच्या वेळेत न पोहोचणारे संकेत, बटण दाबताना होणारी थरथर, तारेतील गोंगाट यांची खरी ओळख प्रयोगशाळेतच होते. म्हणूनच जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपले बोर्ड कपाटात कुलूपबंद न ठेवता सुटीच्या दिवशीही विद्यार्थ्यांना वापरू दिले, तर चकलांब्यासारख्या गावातील मुलाचे पुण्यापर्यंतचे अंतर निश्चितच कमी होईल.