हरिसिंगाचा परवाना

औंढा नागनाथपासून पंचवीसेक किलोमीटरवर हिंगोली. तिथे इंग्रजी अमदानीत छावणी होती. फौज निजामाची, पगार निजामाचा, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. या छावणीच्या बाजारात 1830 च्या सुमारास हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता. पत असलेला माणूस. साहेबलोकसुद्धा त्याच्याशी देवघेव करत.

या हरिसिंगाने एकदा मुलकी अधिकाऱ्याकडे अर्ज केला, की मुंबईहून कापड आणायचं आहे, परवाना मिळावा. अर्ज रीतसर, माणूस ओळखीचा, परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालेलं होतं, पण ते हरिसिंगाचं नव्हतं. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी आपला माल घेऊन परत येत होता आणि हरिसिंगाला त्याची खबर होती. त्याने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना, बैल हाकणाऱ्यांना, सगळ्यांना संपवलं. माल हिंगोलीत आणला, विचारलं तिथे परवाना दाखवला आणि भर छावणीत कापड विकून टाकलं. पुढे ठगांचा म्होरक्या म्हणून तो पकडला गेला, तेव्हा त्याने स्वतःच हे सांगितलं. नाहीतर कुणाला कधी पत्ताही लागला नसता. सांगताना म्हणे त्याला मोठी गंमत वाटत होती.

ही हकीकत मेडोज टेलरने लिहून ठेवली आहे. निजामाच्या चाकरीतला हा इंग्रज अधिकारी. 1839 साली त्याची ठगावरची कादंबरी निघाली, तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीचं हे प्रकरण आहे. त्याचा स्वतःचाही हरिसिंगाशी व्यवहार झाला होता. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आतही या टोळीच्या हातून माणसं मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली. ते खड्डे उकरले तेव्हा टेलर तिथे उभा होता.

ठगांवरचं इंग्रजांचं लिखाण जसंच्या तसं गिळू नये, हेही सांगून ठेवतो. बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांच्या तोंडची, आणि जीव वाचवायला निघालेला माणूस साहेबाला आवडेल ते बोलतो. शिवाय ‘आम्ही आलो म्हणून हा देश सुरक्षित झाला’ हे दाखवायची कंपनी सरकारला घाई होती. पण हरिसिंगाच्या गोष्टीत साहेबाचीच फजिती आहे. फसवणुकीला लागलेला शिक्का साहेबाच्या कचेरीचा होता. स्वतःची अब्रू जाईल अशी गोष्ट कुणी उगाच रचून सांगत नाही, म्हणून मी ती खरी धरतो.

तिच्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे परवाना खरा होता. सही खरी, अर्ज खरा, कापडही खरं. खोटं होतं ते एवढंच, की हा माल याचा नव्हता. आणि ते परवान्यावर वाचून कळण्यासारखं नव्हतं. ठगांच्या टोळीत वाटसरूला गोड बोलून सोबत घेणारा माणूस वेगळा असे. त्याला त्यांच्या बोलीत सोथा म्हणत. गळा आवळणारा वेगळा. सोथा कधी अनोळखी, विचित्र असं काही बोलत नसे. वाट धोक्याची आहे, आपण सोबत जाऊ, हेच बोले. आणि वाटसरूच्या मनातही तेच चाललेलं असे.

माझी सगळी नोकरी टपालखात्यात गेली, शेवटची वर्षं औंढ्यात. त्यामुळे फसवणुकीचा इतिहास मी जरा टपालाच्या बाजूने बघतो. टपाल गावोगाव पोचण्याआधी पैसा हुंडीने फिरायचा, आणि हुंडीवाल्यांना हरिसिंगासारखी माणसं चांगली ठाऊक होती. शाहजोग हुंडी घेऊन कुणीही उपटसुंभ आला तर पेढी पैसे मोजत नसे. बाजारात ज्याची ओळख आहे अशा शहामार्फतच ती वटायची. घोटाळा झालाच तर पकडायला एक माहितीतला माणूस असायचा. शिवाय हुंडी लिहिणारा तिची सूचना वेगळ्या पत्राने पाठवी. हुंडी हातात आली पण सूचनापत्र आलं नाही, की मुनीम हात आखडता घ्यायचा. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ. म्हणजे दुसरी आणि तिसरी प्रत, आणि प्रत्येकीत आधीच्या कागदाचा उल्लेख. कागद कितीही अस्सल दिसो, त्या कागदालाच त्याच्या खरेपणाबद्दल विचारायचं नाही. दुसऱ्या वाटेने विचारायचं. मुनिमाची ही अक्कल आज पुष्कळ शिकलेल्या माणसांकडे नाही.

तीर्थक्षेत्रातही हेच. त्र्यंबकेश्वराला किंवा काशीला उतरलं की चार जण अंगावर येतात, पण खरा उपाध्याय कोण हे वही ठरवते. गाव सांगा, आडनाव सांगा, की तो पणजोबाची सही काढून दाखवतो. वही नाही, तर दक्षिणा नाही.

मनीऑर्डरीतही साक्षीदार होता. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा तर बाजूला ओळख पटवणारा साक्षीदार लागायचा. या कटकटीबद्दल लोकांच्या शिव्या मी खूप खाल्ल्या आहेत. आज ओटीपी नावाचा साक्षीदार आहे, तो फोनमध्येच राहतो आणि कुणी विचारलं की बोलून टाकतो.

व्हीपीचं मात्र वेगळं. व्हॅल्यू पेएबल पार्सल, म्हणजे आधी पैसे द्या, मग पुडकं घ्या. आमच्या उमेदीत मासिकांमध्ये जाहिराती यायच्या: चित्र ओळखा, रेडिओ मिळवा. चित्र कुठल्या तरी नटाचं, कान जरा तिरके काढलेलं. पोरंसुद्धा ओळखायची. आठवड्याभरात पत्र, अभिनंदन, आपण विजेते आहात, फक्त पॅकिंग आणि टपालखर्च भरावा. पार्सल यायचं, लोक पैसे भरायचे, आणि पुठ्ठ्यात निघायची रेडिओच्या आकाराची खेळणी, नाहीतर नुसता लाकडाचा ठोकळा. नातवाने मागवलेलं पार्सल न्यायला एक आजी आल्या होत्या.

‘‘मास्तर, आधी उघडून तर दाखवा.’’

‘‘नाही आजी, आधी पैसे. नेमच तसा आहे.’’

‘‘मंग चोराला लईच सोयीचं हाय की.’’

आजींनी पुडकं हातात तोललं, कानाशी हलवलं आणि तसंच परत केलं. रेडिओ असा वाजत नाही, म्हणाल्या.

त्याच काळात देवाच्या नावाची पत्रं यायची. दहा-पंधरा पैशांचं कार्ड, खाली नाव नाही, अक्षर बहुधा शाळकरी. अमक्या देवीचा चमत्कार झाला, अशी अकरा पत्रं पाठवा. पाठवलीत तर धनलाभ, फाडून टाकलंत तर घरात मर्तिक. 1975 मध्ये संतोषीमातेचा सिनेमा आला आणि त्या कार्डांना ऊत आला. नुकसान काय, तर अकरा कार्डांचं. पण कारागिरी बघा. एका हातात लाभ, दुसऱ्या हातात धाक, आणि विचार करायला वेळ द्यायचा नाही. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर बोला’ असे मेसेज काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर फिरले, तेव्हा मला तीच कार्डं आठवली. वैयक्तिक मोबाइल नंबरवरून आम्ही असे मेसेज पाठवत नाही, असं महावितरणला पुनःपुन्हा सांगावं लागलं. त्याच वंशातली पुढची पिढी म्हणजे डिजिटल अरेस्ट. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दिसते आणि निवृत्त माणूस आयुष्याची कमाई पाठवून मोकळा होतो. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही.

‘तुमचं पार्सल अडकलंय, बारा तासांत पत्ता अपडेट करा, खाली लिंक’ हा टपालखात्याच्या नावाने येणारा मेसेज तर माझ्या जिव्हारी लागतो. अहो, अर्धवट पत्त्याच्या पत्राचं काय करायचं हे आम्हाला इंग्रजांच्या काळापासून ठाऊक आहे. पोस्टमन गावात विचारतो, सापडत नसेल तर पाठवणाऱ्याकडे परत, त्याचाही पत्ता नसेल तर रिटर्न लेटर ऑफिसात. लिंक पाठवून पत्ता मागायची रीत खात्यात नाही.

आता पुन्हा हिंगोली, पण ऑगस्ट 2025 ची. एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण आलं. 30 ऑगस्टला लग्न, नक्की या. खाली पीडीएफसारखी दिसणारी फाइल. ती उघडली आणि थोड्याच वेळात खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले.

ती फाइल पत्रिका नव्हतीच. तिच्या नावाच्या शेवटी पीडीएफऐवजी एपीके होतं, म्हणजे ते फोनमध्ये बसणारं एक ॲप. पीडीएफ नुसती उघडते, ती इन्स्टॉल करायची परवानगी मागत नाही. एपीके मागते. मग मेसेज वाचू का, हे विचारते. भरभर ‘हो हो’ दाबत गेलं की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी ती वाचते. याच साच्यात कधी वाहतूक चलन येतं, कधी पीएम किसानचा हप्ता.

त्या कर्मचाऱ्याला हसणाऱ्यांचं मला कौतुक नाही. आपल्याकडे लग्नपत्रिका अनोळखी नंबरवरूनच येतात. वधूच्या मामाचा नंबर कोण सेव्ह करून ठेवतो? पण एक गोष्ट मला खटकली. 2025 मध्ये गणपती बसले 27 ऑगस्टला आणि महालक्ष्म्या आल्या 31 ला. म्हणजे लग्न चातुर्मासात, भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी! घरोघरी फराळाची घाई चाललेली असताना मराठवाड्यात मुहूर्ताचं लग्न कोण काढतं? दुसऱ्या धर्मात असेल, कोर्टात असेल. पण आमच्या घरच्या बाईमाणसाला ती तारीख वाचून दाखवली असती तर पहिला प्रश्न आला असता, ‘‘कुणाचं हो लग्न? कामून इतकी घाई?’’ पत्रिका बनवणाऱ्याच्या घरी पंचांग नव्हतं. तपासाच्या अशा जागा पोलिसांच्या पत्रकात सापडत नाहीत.

औंढ्याला याची झळ आणखी एका वाटेने लागू शकते. नागनाथ हे ज्योतिर्लिंग; श्रावणात, शिवरात्रीला लांबून माणसं येतात आणि हल्ली मुक्काम फोनवर ठरवतात. 2025 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना सावध केलं होतं. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची गाडी, सोमनाथचं अतिथिगृह यांच्या नावाने बनावट साइट आणि जाहिराती चालू होत्या. गूगलवर सगळ्यात वर दिसणारं ते जाहिरात म्हणूनही वर असू शकतं. मला विचारणाऱ्यांना मी पत्त्याची शेपटी बघायला सांगतो. सरकारी साइट ‘जीओव्ही डॉट इन’ने संपते; रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांनाही ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘बँक डॉट इन’वर यायला लावलं. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीसाठी बनावट साइट निघाल्या, तेव्हा आमच्या आळीतल्या दोघीतिघींना ही शेपटीच कामी आली.

आणि पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी 1930 ला फोन. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळत असते. लवकर कळलं तर वाटेत अडवता येते. बँकेलाही लगेच कळवावं. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे, की तुम्ही कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेच्या माथी. लाजेपायी चार दिवस गप्प राहिलेल्यांचे पैसे परत आलेले मी फारसे पाहिले नाहीत.

फसवणूक ओळखायची तालीम असते का, असं मला एका शिक्षकांनी विचारलं. असते, आणि तिचा सगळ्यात मोठा किस्सा आमच्या शेजारच्या दुधाळ्याशी जोडलेला आहे. तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहते आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजायची. अमेरिकेत हिच्या दोन थोरल्या बहिणी आहेत. तिथल्या मोजक्या लोकांना मुभा होती, की आपल्याच यंत्रात गुपचूप खोटी लहर घुसवायची आणि बाकीचे काय करतात ते बघायचं. 16 सप्टेंबर 2010 ला अशी एक लहर उमटली. बृहल्लुब्धक, म्हणजे मोठ्या कुत्र्याच्या तारकासमूहाच्या दिशेची, म्हणून तिचं नाव पडलं बिग डॉग. शेकडो शास्त्रज्ञ सहा महिने खपले, शोधनिबंधाचा मसुदाही तयार झाला. 14 मार्च 2011 ला कॅलिफोर्नियातल्या बैठकीत, लहर घुसवली होती की नाही हे सांगणारं ‘पाकीट’ उघडलं, तर लहर घरचीच.

त्यानंतर 14 सप्टेंबर 2015 ला खरी लहर आली. जर्मनीत हानोवरला मार्को ड्रागो नावाच्या इटालियन संशोधकाने ती पडद्यावर पहिल्यांदा पाहिली. इतकी स्पष्ट, की त्याला वाटलं ही तालीमच. पडद्यावर सगळं अस्सल दिसत होतं, पण पडद्याच्या भरवशावर तो राहिला नाही. तो सहकाऱ्याच्या खोलीत गेला आणि दोघांनी अमेरिकेतल्या नियंत्रणकक्षाला फोन लावून विचारलं, की तुम्ही काही घुसवलंय का.