मागडीची मूस आणि पेटंटचं अपील

टिपू पडल्यानंतर वर्षभराने, 1800 साली, फ्रान्सिस बुकानन ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकुमावरून म्हैसूर मुलूख पालथा घालत होता. बंगळूरच्या पश्चिमेला, मागडीच्या बाजूला त्याने पोलाद होताना पाहिलं आणि बारकाईने टिपून ठेवलं. कच्च्या मातीची निमुळती मूस, तिच्यात लोखंडाचा तुकडा, तीन रुपये भार तरवडाची काडी, दोन हिरवी पानं. तोंड लिंपून भट्टीत.

त्याच वर्षी डेव्हिड मशेटने इंग्लंडात लोखंड आणि कार्बन बंद मुशीत वितळवून पोलाद करण्याचं पेटंट घेतलं. 1825 मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने (रेनकोटवाला तोच) तापल्या लोखंडाला वायूतून कार्बन देण्याचं घेतलं. मद्रासेत नोकरी केलेल्या जोसाया हीथने 1839 मध्ये मांडलं की हिंदी रीतीत ही दोन्ही तत्त्वं आधीपासून आहेत. पण तेव्हाचा इंग्लिश कायदा इंग्लंडात काय ठाऊक होतं एवढंच पाही.

पेटंट मिळायचं तर शोध नुसता नवा असून भागत नाही, तो उघडही नसावा लागतो. ‘हे तर उघडच होतं’ असं कुणी म्हणायचं, याचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दिलं. बिश्वनाथ प्रसाद खटला लेथवर भांडी पकडण्याच्या रीतीचा होता. वर्कशॉपमधली किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असं म्हणत पेटंट रद्द झालं. कसोटीला माणूस ठरला तो त्या तारखेचं सर्वसाधारण ज्ञान असलेला जाणकार. निव्वळ हातकामगार नव्हे.

उष्णोपचारात ही कसोटी फार अवघड जाते. पोलाद तापवा, धरून ठेवा, तेलात बुडवा, हे बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही भट्टीवर रोज चालतं. अर्जदार तापमान वीस अंशांनी हलवतो. परीक्षक म्हणतो, हा तर नेहमीचाच प्रयोग. पण तेवढ्या वीस अंशांनी कधी धातूची आतली रचनाच पालटते, कधी काहीच होत नाही. म्हणून तो बदल करून पाहावा असं आधीच्या कोणत्या कागदातून सुचत होतं, हे दाखवलंच पाहिजे. निकाल हाती आल्यावर सगळंच सोपं वाटतं, आणि त्या वाटण्यावर अर्ज फेटाळणं मला अन्यायाचं वाटतं.

बंगळूरचा अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयात जातो. 2021 मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून अपील मद्रास उच्च न्यायालयात. तिथे कागद बोलतो. पेटंट कायद्याचं कलम 25 स्थानिक समाजाचं तोंडी ज्ञानही विरोधाला आधार मानतं खरं, पण रंगावरून ताव ओळखून पाणी देणाऱ्या लोहाराचं ज्ञान अंशांत मांडलेलं नसतं. शारदा श्रीनिवासन आणि एस. रंगनाथन यांनी बंगळुरात बसून वूट्झवर, म्हणजे अशाच मुशीतल्या हिंदी पोलादावर, पुस्तक लिहिलं. तसंच काम आज हयात असलेल्या लोहारांच्या भट्टीशेजारी, तापमापक घेऊन व्हायला हवं.