खाडीतील जलप्रदूषणाचे शीघ्र पूर्वानुमान : डेलावेअरचे उदाहरण

पाण्यातील सेंद्रिय घाण मोजण्याची रूढ कसोटी पाच दिवसांची आहे. तेवढ्या अवधीत खाडीत सामान्यतः नऊ-दहा भरत्या येऊन जातात. निष्कर्ष हाती येईपर्यंत तपासलेले पाणी तेथे राहिलेलेच नसते. शीघ्र पूर्वानुमानाची गरज या विसंगतीतून निर्माण झाली.

इ. स. १९२५ मध्ये स्ट्रीटर व फेल्प्स यांनी अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासावरून एक सूत्र मांडले. घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू आणि हवेतून पाण्यात मिसळणारा प्राणवायू यांचा तो ताळेबंद होता. परंतु नदी एकाच दिशेने वाहते, तर खाडीतील घाण भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे जात पसरते. ही अडचण दूर करणारे गणित ओकॉनर यांनी १९६० मध्ये व थोमन यांनी १९६३ मध्ये पुढे नेले.

या गणिताच्या आधारे डेलावेअर खाडीचे ३० भाग कल्पिण्यात आले. एका भागात ठराविक सांडपाणी वाढल्यास प्रत्येक भागातील प्राणवायू किती घटेल, हे एकदा काढले की ९०० अंकांची सारणी सिद्ध होते. पुढे कोणत्याही योजनेचा परिणाम केवळ गुणाकार व बेरीज करून सांगता येतो. १९६६ च्या अहवालात शुद्धीकरणाचे पाच पर्याय खर्चासह मांडले गेले आणि १९६७ मध्ये नदीखोरे आयोगाने मानके स्वीकारली.

मात्र हा वेग काही गोष्टी वगळून मिळाला होता. प्रवाह स्थिर आहे व परिणाम घाणीच्या प्रमाणात वाढतो, असे गृहीत धरले होते. अवचित पावसाने तुंबून वाहणाऱ्या गटारांना त्या सारणीत स्थान नव्हते. १९७४ मध्ये ॲकरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच आक्षेप घेतला की, अनिश्चित अंकांवर मोठ्या खर्चाचे निर्णय उभारले गेले. तरीही शुद्धीकरण वाढल्यावर प्राणवायू सुधारला आणि १९८० नंतरच्या दशकात शॅड मासे पुन्हा वरच्या प्रवाहाकडे जाऊ लागले, हेही नोंदविले पाहिजे.

आजची संख्याशास्त्रीय समीकरणे क्षणार्धात उत्तर देतात; पण ज्या परिस्थितीतील नोंदींवरून ती बांधली, तिच्याबाहेर त्यांचा अधिकार चालत नाही. म्हणून पूर्वानुमानाबरोबर त्याची मर्यादाही सांगणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.