पगारातला व्यवसाय कर : दर, टप्पे आणि आपला हक्क

पगारपत्रकात ‘पी.टी.’ या नावाखाली दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला असे अनेक तरुण भेटतात, जे ही कपात पी.एफ.सारखी बचत समजतात. प्रत्यक्षात तो राज्य सरकारचा व्यवसाय कर आहे.

संविधानानुसार शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील आयकर केंद्राकडे आहे. मात्र अनुच्छेद २७६ राज्यांना व्यवसाय व नोकरीवर कर लावू देतो. त्याची कमाल मर्यादा एका व्यक्तीमागे वर्षाला २,५०० रुपये. १९८८ च्या घटनादुरुस्तीपूर्वी ती २५० रुपये होती. महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा आहे.

पगारदारांसाठी दरमहा दर असे :

पुरुष : ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही, ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५ रुपये, त्यापुढे २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये.

महिला : २५,००० रुपयांपर्यंत कर नाही, त्यापुढे २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. १ एप्रिल २०२३ पूर्वी ही सूट १०,००० पर्यंतच होती.

इथे पगार म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे, तर कपातीआधीचा पगार.

आयकराचे टप्पे वेगळे चालतात. तिथे वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेवर लागतो. व्यवसाय करात टप्पा ओलांडला की ठरलेली पूर्ण रक्कम द्यावी लागते, आणि १०,००० नंतर टप्पेच संपतात. परिणाम काय? महिना १२,००० मिळवणारा कंत्राटी सफाई कामगार आणि २ लाख मिळवणारा अधिकारी, दोघेही वर्षाला २,५०० रुपयेच भरतात. कामगाराच्या पगाराचा हा सुमारे १.७ टक्के हिस्सा, अधिकाऱ्याच्या पगाराचा फक्त ०.१ टक्का.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी नेमका असाच भेद दाखवला होता : उत्पन्न नसलेल्याला आयकर भरावा लागत नाही, पण शेतकऱ्याला मात्र उत्पन्न कितीही असो, जमीन महसूल द्यावाच लागतो. कर देण्याच्या ऐपतीचा विचार व्हावा, हीच त्यामागची मागणी.

वरची मर्यादा वाढवायला संविधानात बदल लागेल. खालची सूट वाढवणे मात्र राज्याच्या हाती आहे. महिलांसाठी ती वाढली. मग कमी पगाराच्या पुरुष कामगारांसाठी का नाही? ही मागणी संघटनांनी लावून धरावी, असे आम्हाला वाटते.

तोवर एवढे करा. दरमहा पगारपत्रक मागा. ६५ वर्षांवरील व्यक्ती, कायद्यात बसणाऱ्या दिव्यांग व्यक्ती आणि दिव्यांग मुलांचे पालक यांना सूट आहे. प्रमाणपत्र मालकाकडे द्या. २५,००० पर्यंत पगार असलेल्या भगिनीचे पैसे कापले जात असतील, तर लेखी हरकत घ्या. कापलेला कर सरकारकडे भरण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याचा व्यवसाय कर नोंदणी क्रमांक विचारायला कचरू नका.