बुश नावाची डबी

जुन्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात उतरलं की खालून ‘खट्’ असा आवाज यायला लागतो. मिस्त्री गाडी जॅकवर घेतात, सस्पेन्शनच्या आर्मखाली पहार घालून एकदा उचकतात आणि सांगतात, “काका, बुश गेलेत.” माझ्या 22 वर्षांच्या गाडीबद्दल हे वाक्य मी गेल्या पावसाळ्यानंतर ऐकलं. काढलेला बुश मिस्त्रींनी माझ्या हातात ठेवला. लोखंडी नळी, तिच्या आत रबर, रबराच्या आत आणखी एक बारीक नळी. रबर एका बाजूने फाटून नळीपासून सुटलं होतं. मुठीत मावणाऱ्या या वस्तूने महिनाभर सगळी गाडी खडखडवली होती. नवा कोणता घालायचा, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी तिच्या कुळापर्यंत जाऊन पोचलो.

आधी नावाचं कूळ. इंग्रजीत झुडपालाही ‘बुश’ म्हणतात, पण तो शब्द वेगळा. गॅरेजमधला बुश आला मध्ययुगीन डच भाषेतल्या ‘बुस्से’ या शब्दावरून, म्हणजे डबी किंवा चाकाच्या तुंब्यातलं अस्तर. त्याच्याही मागे गेलं की लॅटिन आणि लॅटिनच्या मागे ग्रीक ‘पिक्सिस’ लागतो. पिक्सिस म्हणजे झाकणाची छोटी डबी. अंजन, मलम, दागिने ठेवायची. ती ज्या कठीण, दाट लाकडाची करत त्या झाडाचं नाव पिक्सोस. आपण रोज वापरतो तो ‘बॉक्स’ याच घराण्यातला, म्हणजे बुशचा चुलतभाऊ. गंमत अशी की पिक्सोस हे झाड मूळचं झुडूपच. झुडपाशी नातं नाही म्हणावं, तर ते असं दुसऱ्याच वाटेने निघतं.

डबीचं नाव चाकात कसं गेलं, हे बैलगाडी पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. चाकाच्या मधोमध लाकडी तुंबा, तुंब्यातून जाणारा आस. लाकडावर लोखंड सतत फिरलं तर भोक मोठं होतं, चाक डुगडुगतं आणि अख्खा तुंबा बदलावा लागतो. म्हणून भोकात लोखंडी अस्तर ठोकून बसवायचं. झिजलं तर ते झिजेल, तुंबा वाचेल. झीज कुठे व्हावी हे आधीच ठरवून ठेवायचं, ही बुशमागची मूळ कल्पना. तिला जोड वंगणाची. गाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं हा गाडीवानाच्या शहाणपणाचा भाग होता.

मोटारी आल्या तेव्हा हीच व्यवस्था त्यांनी उचलली. पाट्यांच्या स्प्रिंगला सांगाड्याशी जोडणाऱ्या कडीत, म्हणजे शॅकलमध्ये, आणि स्टिअरिंगच्या सांध्यांत गनमेटलचे बुश बसले. काशाच्या जातीचा हा मिश्रधातू पोलादी पिनेपेक्षा मऊ. झिजायचं काम त्याचं. पण धातूवर धातू घासला की ग्रीस लागणारच, आणि सुरुवातीच्या मोटारींना ठिकठिकाणी, दर काही दिवसांनी ते भरावं लागे. गॅरेजमध्ये ज्याला आपण ग्रीस निपल म्हणतो, त्याच्या आजच्या रूपाचं पेटंट ऑस्कर झर्क यांना 1929 साली मिळालं. मालवाहू ट्रकांच्या शॅकलवर ती निपलं आजही दिसतात. एक पाळी चुकली की पाऊस-चिखल आत शिरून पीन खायला लागतो.

या कटकटीतून सुटका केली रबराने. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. 1839 साली चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला आणि रबराला टिकाऊ ताण आला. तरी ते धातूच्या नळीत पक्कं बसवायचं कसं, हा प्रश्न पुढची ऐंशी वर्षं उरला. 1920च्या दशकात त्याला दोन उत्तरं मिळाली. फ्रान्समध्ये लेऑं थिरी यांनी दोन नळ्यांच्या मधल्या फटीत मोठ्या दाबाने रबर कोंबलं. ते आपल्याच ताणाने दोन्हीकडे घट्ट धरून राहिलं. या बुशचं नाव सायलेंटब्लॉक. रशिया, स्पेन, इटलीतले मिस्त्री आजही कोणत्याही कंपनीच्या रबरी बुशला त्याच नावाने हाक मारतात. त्याच दशकात अमेरिकेत ईरी शहरातले वकील ह्यू लॉर्ड रबर धातूला कायमचं चिकटवण्याच्या मागे लागले होते. माझ्या हातातला फाटका बुश या दुसऱ्या घराण्यातला होता.

मोटारीत रबराला मान मिळवून देण्यात वॉल्टर क्रायसलर यांचा मोठा वाटा आहे. 1931 साली त्यांच्या प्लिमथ गाडीचं इंजिन रबराच्या आधारांवर बसवलं गेलं आणि गाडीची थरथर एकदम कमी झाली. पुढच्या वर्षी ते अशी गाडी घेऊन थेट फोर्ड कंपनीत दाखवायला गेले. हेन्री फोर्ड यांना ती आवडली नाही, कारणही त्यांनी दिलं नाही. त्यांचे सहकारी चार्ल्स सोरेन्सन यांना मात्र हेच रबर पुढे आस, पाटे आणि स्टिअरिंगपर्यंत पोचेल असं वाटलं होतं. ही हकिकत त्यांनी 1956 साली आपल्या आठवणींत लिहिली, तोवर ते खरं झालं होतं.

आता मुद्द्याचं. रबरी बुश हा गनमेटलच्या बुशचा वारस खरा, पण त्याचं काम वेगळं आहे. गनमेटलच्या आत पीन फिरते, घासते. रबरी बुशमध्ये काहीच घासत नाही. बाहेरची नळी आर्मला घट्ट, आतली नळी बोल्टने गाडीच्या सांगाड्याला घट्ट, आणि आर्म वरखाली होताना मधलं रबर ओलं फडकं पिळावं तसं थोडं पिळलं जातं आणि परत येतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, म्हणून रस्त्याचा आवाज आत येत नाही. करकर ऐकू आली की त्यावर इंजिन ऑइल किंवा डिझेल मारायची सवय याचसाठी घातक. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि सैल पडतं.

हे कळलं की दुकानातल्या काउंटरवर निवड सोपी होते. पिवळे-लाल चकचकीत पॉलियुरेथेनचे बुश ‘लाइफटाइम’ म्हणून पुढे केले जातात. हा पदार्थ जर्मनीत ओटो बायर यांनी 1937 साली तयार केला. तो बळकट आहे, तेलाला दाद देत नाही. पण आर्मच्या बहुतेक पॉलियुरेथेन बुशमध्ये आतली नळी फिरते, म्हणजे तिथे पुन्हा घासणं आलं, ग्रीस आलं आणि ते वाळलं की किरकिर आली. शर्यतीच्या गाडीत चाकाचा कोन तसूभर हलू नये म्हणून तो घालावा. वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या स्टॅबिलायझर बारलाही तो घालायला माझी हरकत नाही, कारण तिथे बार बहुधा फिरतोच. रोज खड्ड्यांतून जाणाऱ्या घरगुती गाडीच्या आर्मला मात्र तो नको. लेथवर कातलेला नायलॉनचा बुश तर त्याहून नको. नायलॉन पिळलं जात नाही, दबतही नाही. खड्ड्याचा धक्का ते थेट पत्र्याला आणि वेल्डिंगला देतं.

राहिला मूळ कंपनीचा माल. तो मिळाला तर उत्तम, पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी बनणं थांबून दोन दशकं उलटली. टॅक्सी म्हणूनही ती ऑक्टोबर 2023अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. अशा गाडीचा शौकीन कुठल्या तरी दुकानाच्या माळ्यावर मूळ खोक्यातला, कधीच न वापरलेला बुश सापडला की हरखतो. रबर मात्र खोक्यातही म्हातारं होतं. हवेने ते कडक होतं, त्यावर बारीक भेगा पडतात. नखाने दाबून पाहावं, वाकवून भेगा पाहाव्यात. वीस वर्षं पडून राहिलेल्या अस्सल मालापेक्षा चांगल्या बनावटीचा, मूळच्याच कडकपणाचा, ताजा रबरी बुश मी केव्हाही घेईन. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. ते बसवताना जुन्याची दिशा खुणेने लिहून ठेवावी, आणि हातोड्याने न ठोकता प्रेसवरच बसवावेत. एका बाजूचे बदलले की दुसऱ्या बाजूचेही बदलावेत.

माझ्या गाडीला मी साधे रबरीच घातले. तुम्ही घालाल तेव्हा तिथे उभे राहा आणि एक गोष्ट मिस्त्रींना आवर्जून सांगा. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लोंबकळत असतो. तशात बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर उतरताक्षणी नवं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, आणि मगच पान्याने पक्के करायचे.